चौथीचा एप्रिल आणि पाचवीचा जून

जूनच्या मध्याला आमच्या हायस्कुलात पाचवीचा वर्ग भरतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात मला सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागणारा प्रश्न अभ्यासातला नसतो. "बाई, कोणती वही काढू?" असे एकजण विचारतो आणि त्याच्या मागचे चार-पाचजण उत्तरासाठी कान टवकारतात. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत या मुलांकडे एक वही बाईंनी तपासायची आणि एक घरी गिरवायची, इतकेच असे. सकाळी सुरू झालेली गोष्ट दुपारच्या खिचडीपर्यंत कधी भाषेची, कधी गणिताची, कधी परिसराची होई, आणि त्यातला सांधा मुलांना कधी दिसत नसे, कारण शिकवणारी बाई एकच होती. इथे पस्तीस मिनिटांनी घंटा होते, माणूस बदलते, वही बदलते, बोलण्याची ढबही बदलते. शिवाय "बाई" म्हटले की गावातली मुले हसतात, कारण इथे "मॅडम" म्हणायचे असते. ते नवे मूल पुढचे दोन दिवस काहीच विचारत नाही.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी पाचवी-सहावीला गणित आणि विज्ञान शिकवते, आणि बहुतेक वर्षे पाचवीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिकाही असते. आमच्या पाचवीत निम्म्याहून अधिक मुले आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांतून चौथी करून येतात. प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाणे ही या मुलांच्या दृष्टीने जवळजवळ गाव बदलण्याइतकी मोठी घटना असते. तरीही अभ्यासक्रमात तिची नोंद कुठेही नाही. चौथीच्या पुस्तकाचा शेवटचा पाठ आणि पाचवीच्या पुस्तकाचा पहिला पाठ यांच्यामध्ये काय घडते, हे लिहिणे कोणाच्याच कामाचा भाग नाही. अनेक वर्षे मीही "पाचवीचा अभ्यास जड जातो" असे म्हणत आले. आता मला तसे वाटत नाही. पाचवीच्या पुस्तकांतला आशय चौथीच्या मानाने फार चढा नाही. चढ आहे तो सूचनांच्या भाषेचा, लिहिण्याचा आणि वेळापत्रकाचा, आणि या तीनही गोष्टी अभ्यासक्रमात मोडतात हे आपण मान्य करत नाही, म्हणून त्यांची आखणीही कोणी करत नाही.

मुळात हा उंबरठा नेमका कुठे आहे, याबद्दल आपल्या राज्यातच एकवाक्यता नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी हा एक गट आणि सहावी ते आठवी हा दुसरा गट धरला. पहिल्या गटाची शाळा एक किलोमीटरच्या आत, दुसऱ्याची तीन किलोमीटरच्या आत. पहिल्यासाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, दुसऱ्यासाठी २२० दिवस आणि १००० तास. शालेय पोषण आहाराचे मापही त्याच रेषेवर बदलते आणि पाचवीपर्यंतचा शंभर ग्रॅम तांदूळ सहावीपासून दीडशे ग्रॅम होतो. आपल्याकडच्या शाळांची उतरंड मात्र जुनी आहे. गावातली प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत, आणि खाजगी अनुदानित हायस्कूल पाचवीपासून दहावीपर्यंत. पाचवीचे वर्ग प्राथमिक शाळांना जोडण्याचे प्रयत्न अधूनमधून होतात आणि हायस्कुलातल्या तुकड्या घटून शिक्षक अतिरिक्त ठरण्याच्या भीतीपाशी येऊन अडतात. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली, आणि आता तिला पुन्हा चौथी-सातवीकडे वळवण्याचा निर्णय झालेला आहे. नापास होण्याची शक्यता असलेली वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला आली. या सगळ्या गोंधळात पाचवीतले मूल खरोखर गाव सोडते, हे ओळखलेली एक यंत्रणा मला एसटी महामंडळात सापडते. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची मुलींच्या मोफत पासाची योजना पाचवीपासूनच सुरू होते. मूल कुठे उतरते आणि कुठे चढते, हे बसच्या पासाला कळले आणि पाठ्यक्रमाला कळले नाही, याचे मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटते.

आता सूचनांच्या भाषेकडे येते. चौथीपर्यंत मुलांची सवय जोड्या लावण्याची, रिकाम्या जागा भरण्याची आणि एका वाक्यात उत्तर लिहिण्याची असते. बाकीचे सगळे तोंडी चालते आणि चांगल्या बाईंच्या हाताखाली ते फार उत्तम चालते. पाचवीत एकदम "कारणे द्या", "फरक स्पष्ट करा", "थोडक्यात उत्तरे लिहा" आणि "टीप लिहा" हे चार नवे पाहुणे येतात आणि त्यांची ओळख कोणी करून देत नाही. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच घटक चाचणीत मी एक साधा प्रश्न दिला होता: उतारावरच्या शेतातील माती का वाहून जाते, कारणे द्या. डोंगराच्या अगदी पायथ्याशी राहणाऱ्या एका मुलीने उत्तरात एकच शब्द लिहिला: "पाऊस." तिला अर्धा गुण मिळाला. दुसऱ्या दिवशी तिला शेजारी बसवून मी तोच प्रश्न तोंडी विचारला, तेव्हा ती पाच मिनिटे थांबली नाही. उताराला आडवी नांगरट केली नाही तर काय होते, तिच्या चुलत्यांचा बांध मागच्या पावसाळ्यात कसा फुटला, बांधावर गवत असले की माती कशी अडते, झाडे तोडलेल्या बाजूला घळ कशी पडली, हे सगळे तिने हातवारे करून सांगितले. मी विचारले, "मग हे लिहिले का नाहीस?" त्यावर तिचे उत्तर होते, "कारण एकच असतं ना बाई? पाऊस." कारण मागितले की एक वस्तू सांगायची असते आणि तिथपर्यंत पोहोचणारी साखळी लिहायची नसते, हा तिचा समज होता, आणि तो चुकीचा आहे हे तिला चार वर्षांत कोणी सांगण्याची वेळच आली नव्हती.

त्या मुलीला मृदेची धूप हा घटक पुन्हा शिकवण्याची गरज नव्हती. तिला गरज होती ती बोललेले कागदावर उतरवण्याच्या सरावाची, म्हणजे "त्यामुळे", "म्हणून", "नाहीतर" हे जोडशब्द लिहिताना वापरण्याच्या सवयीची. हा सराव मराठीच्या तासाचा की विज्ञानाच्या तासाचा, यावर आमच्या शिक्षक खोलीत दोन दिवस चर्चा झाली आणि अखेर तो कोणाच्याच तासाला झाला नाही. हायस्कुलात असे अधांतरी राहणारे काम फार असते. प्राथमिक शाळेतल्या बाईंनी ते सहज उरकले असते, कारण तिथे सगळे तास त्यांचेच होते.

गणितात हीच अडचण वेगळ्या वेशात येते. आमच्याकडे पाचवीपासून सेमी इंग्रजीची तुकडी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. पालकांना ती हवी असते आणि शाळेलाही पटसंख्येसाठी ती हवी असते. या तुकडीत दरवर्षी अशी काही मुले असतात की ज्यांच्या घरचे दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जाते. अशा एका मुलाला मी तोंडी विचारले, "सकाळी अडीच लिटर घातले आणि संध्याकाळी पावणेदोन, तर दिवसाचे किती?" तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "सव्वाचार." मग मी फळ्यावर पाच छेद दोन अधिक सात छेद चार असे लिहिले आणि त्यालाच पुढे बोलावले. त्याने अंशात अंश मिळवले, छेदात छेद मिळवले आणि बारा छेद सहा असे उत्तर मांडले. "म्हणजे किती?" असे विचारल्यावर त्याने बारा भागिले सहा बरोबर केले आणि "दोन" म्हणाला. मी म्हटले, "दोन लिटर? सकाळीच तर अडीच घातले होते." तो फळ्याकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे बघून हसला. फळ्यावरचे आणि डेअरीतले एकच आहे हे त्याला त्या क्षणी कळले. छेद समान करण्याची रीत शिकायला त्याला नंतर दोन तासही लागले नाहीत.

आपल्या भाषेने पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच असे अपूर्णांकांचे सुटे शब्द घडवले आहेत. जुन्या पिढीने तर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी पाठ केल्या होत्या. त्या पाढ्यांकडे परत जावे असे मी म्हणत नाही, पण बाजारात आणि गोठ्यात मुलाच्या जिभेवर बसलेले हे शब्द पाचवीच्या वर्गाच्या दारात काढून ठेवायला लावणे हा निव्वळ अपव्यय आहे. सेमीच्या वर्गात पाऊणचे "थ्री बाय फोर" होते, आणि ते चिन्ह पाऊणच्या जागी बसते हे सांगायला कोणी थांबत नाही, कारण इंग्रजी माध्यमाचे पुस्तक लिहिणाऱ्याला पाऊण हा शब्द माहीत असण्याचे कारण नाही. मी आता वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक लांब संख्यारेषा चिकटवते. रेषेच्या वर मराठी शब्द, रेषेवर अपूर्णांक, खाली दशांश अपूर्णांक आणि त्याखाली इंग्रजी शब्द. दशांश चिन्हाची ओळख मी डेअरीच्या पावतीवरून करून देते. फॅट चार पूर्णांक दोन आणि चार पूर्णांक पाच यांतला फरक म्हणजे पैशांतला फरक, हे त्या मुलांना माझ्यापेक्षा नीट माहीत असते.

अभ्यासक्रम विषयवार लिहिला जातो आणि विषयवारच तपासला जातो, त्यामुळे दोन विषयांमधल्या फटी कोणाला दिसत नाहीत. याचे माझ्या आवडीचे उदाहरण इतिहासाचे आहे. चौथीत मुले वर्षभर शिवछत्रपतींची गोष्ट वाचतात. त्यात माणसे आहेत, गड आहेत, प्रसंगामागून प्रसंग आहेत आणि मुले त्यात रमून जातात. पाचवीत परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात एकदम इतिहास म्हणजे काय, कालसंकल्पना, उत्क्रांती आणि अश्मयुग येते. गोष्टीकडून पद्धतीकडे जाणे योग्यच आहे आणि ज्यांनी तसे ठरवले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या कालसंकल्पनेत इसवी सनपूर्व काळ येतो. तिथे ३०० हे वर्ष १०० च्या आधीचे असते, आणि मोठी संख्या अलीकडे की पलीकडे यावर माझ्या वर्गात दरवर्षी खरीखुरी भांडणे होतात. शून्याच्या डावीकडे संख्या कशा लहान होत जातात हे शिकवणारा पूर्णांक संख्यांचा पाठ गणितात सहावीला आहे. म्हणजे इतिहासाला ज्या गणिताची पाचवीत गरज लागते, ते गणित एक वर्ष उशिरा पोहोचते. कोणाचीच चूक नाही, फक्त दोन्ही पुस्तके एकाच टेबलावर शेजारी उघडून कोणी पाहिली नसावीत. मी आता इतिहासाच्या सरांकडून तो पाठ कधी घेणार याची तारीख मागून घेते, आणि त्याच्या आदल्या दिवशी गणिताच्या तासाला अंगणात खडूने रेघ मारून मुलांना शून्याच्या दोन्ही बाजूंना उभे करते. एवढ्याने भांडणे मिटतात असे नाही, पण ती निदान रेघेवर उभे राहून होतात.

सहावीत तर परिसर अभ्यास संपतो आणि त्याच्या जागी सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र अशी वेगवेगळी पुस्तके येतात. हिंदी पाचवीलाच आलेली असते. एका ओढ्याचे पाणी तीन पाटांत सोडावे तसे हे होते, आणि पाट काढण्याला माझा विरोध नाही. पण चौथीतल्या मुलाला ओढा माहीत असतो आणि सहावीतल्या मुलाला पाटच तेवढे दिसतात, याची खंत वाटते. अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते शिकताना आपल्या वाडीचा नकाशा आपण कधीकाळी काढला होता, हे मुलांना आठवतसुद्धा नाही.

दोन इयत्तांमध्ये सेतू बांधण्याचा एक मोठा सरकारी प्रयत्न आपण सर्वांनी पाहिला आहे. करोनाच्या काळात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आणला, दिवसवार कृतिपत्रिका दिल्या आणि मधूनमधून चाचण्याही ठेवल्या. त्या कृतिपत्रिकांवर आम्ही शिक्षकांनी नाके मुरडली, कारण त्या घरी पोहोचवायच्या कशा आणि छापायच्या कोणाच्या पैशाने, हा प्रश्न होता. तरीही मागील इयत्तेतील नेमके काय पुढच्या इयत्तेला लागते याचा शोध घटकवार घेतला गेला, तो बहुधा पहिल्यांदाच. पुढच्या दोन वर्षांत त्याचे दिवस कमी होत गेले. तो नुकसान भरून काढण्याचा उपाय होता, त्यामुळे नुकसान ओसरले की तोही ओसरणार हे ठरलेलेच होते. पण शाळा बदलणाऱ्या मुलांसाठी तो दरवर्षीचा भाग व्हायला हवा होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. पहिलीत येणाऱ्या मुलासाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात, त्याचे फुगे लावून स्वागत होते. पाचवीत येणाऱ्या मुलाच्या हातात आम्ही दाखला तपासून वेळापत्रक ठेवतो.

या सगळ्यातून एक छोटी गोष्ट आम्ही आमच्या केंद्राच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ठरवली. आमच्याकडे मुले पाठवणाऱ्या तीन प्राथमिक शाळांचे शिक्षक आणि मी मिळून चौथीचे शेवटचे सहा आठवडे आणि पाचवीचे पहिले सहा आठवडे हा एकच घटक आहे असे समजून त्याची आखणी केली. मध्ये उन्हाळ्याची सुट्टी आली तरी घटक तुटू द्यायचा नाही, अशी अट होती. त्यासाठी प्रत्येक मुलाला चौथीच्या मार्चमध्ये शंभर पानी एक वही दिली, आणि त्या वहीवर विषयाचे नाव लिहायचे नाही असे ठरले. एप्रिलमध्ये मूल त्या वहीत घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढते. पावलांनी अंतर मोजते, वाटेतली विहीर, पार, ओढा, पिठाची गिरणी दाखवते, आणि त्या वाटेवर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाला ही वाट पूर्वी कशी होती असे विचारून चार-पाच वाक्ये लिहिते. जूनमध्ये तीच वही घेऊन मूल आमच्याकडे येते. भूगोलाचे सर तिच्यावर उत्तर दिशा दाखवायला आणि प्रमाण ठरवायला सांगतात. मी पावलांचे मीटर करून घेते आणि अर्धी वाट कुठे होते, पाऊण वाट कुठे होते ते नकाशावर खुणा करून दाखवायला लावते. इतिहासाचे सर म्हाताऱ्याच्या आठवणीला साधन म्हणतात आणि ती खरी कशावरून, असे विचारतात. मराठीच्या मॅडम त्या चार-पाच वाक्यांचा परिच्छेद करून घेतात, आणि "त्यामुळे" व "म्हणून" यांचा सराव अखेर तिथे होतो.

या वहीने एक गोष्ट मला अपेक्षेपेक्षा जास्त साधली असे वाटते. हायस्कुलात आलेल्या मुलाकडे पहिल्या दिवशी असे काहीतरी असते की जे फक्त त्याला माहीत आहे आणि समोरच्या शिक्षकाला माहीत नाही. त्या वहीबद्दल बोलताना वाडीवरची मुले गावातल्या मुलांपुढे दबत नाहीत. गावातल्या मुलांची वाट दोन गल्ल्यांची असते आणि वाडीवरच्या मुलाच्या वाटेत ओढा, खिंड आणि एक भुताचे झाड असते.

हे सारे सुरळीत चालले असे मात्र नाही. पहिल्या वर्षी एका शाळेतल्या निम्म्या वह्या सुट्टीत रद्दीत गेल्या, कारण परीक्षा झाल्यावर वही ठेवायची असते हे घरच्यांना कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या वर्षी ज्या बाईंच्या उत्साहावर हे सगळे उभे होते, त्यांची बदली झाली, आणि त्यांच्या जागी आलेल्या गुरुजींना आधीच ऑनलाइन माहिती भरण्यातून डोके वर काढता येत नव्हते. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आमच्या बाजूची अडचण अधिक चिवट होती. जूनपासूनचे पहिले चार आठवडे सकाळच्या तीन तासिका जोडून एकाच शिक्षकाने घ्याव्यात, म्हणजे मुलांना एकाच माणसाची सवय व्हायला वेळ मिळेल आणि मग हळूहळू तास सुटे करता येतील, असा प्रस्ताव मी ठेवला. शिक्षकाचा कार्यभार तासिकांवर मोजला जातो, आणि तासिका विषयावर. माझ्या नावावर मराठीच्या तासिका दिसल्या तर मराठीच्या मॅडमच्या नावावर कमी दिसतात, आणि ज्याच्या नावावर तासिका कमी तो संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरण्याच्या, वेळी डोळ्यांवर येतो. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझी टाचण वही, म्हणजे पाठांच्या आखणीची वही, चाळून एकच विचारले, "जुलै संपत आला, किती पाठ झाले?" मी खरा आकडा सांगितला, आणि तो कमी होता. शेवटी आम्ही तीनऐवजी दोन तासिका जोडल्या, कागदावर त्या वेगवेगळ्याच राहिल्या, आणि मराठीच्या मॅडम व मी एकाच वेळी वर्गात बसतो अशी तडजोड झाली. कामापेक्षा कागद सांभाळण्यातच जास्त शक्ती गेली, हे कबूल करायला हवे.

आपल्याहून अवघड उंबरठा मी गोव्यात पाहिला आहे. माझी आतेबहीण डिचोली तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत असे. तिथे चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी आणि पाचवीपासून हायस्कुलात इंग्रजी, असा रिवाज आहे. प्राथमिक शिक्षणाचे अनुदान फक्त मातृभाषेतील शाळांना, हे १९९० पासूनचे धोरण २०११ मध्ये इंग्रजी शाळांसाठीही सैल झाले आणि त्यावरून झालेला वाद सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात दोन्ही बाजूंनी पहिली ते चौथीच्या माध्यमावर फार बोलले गेले, पण चौथीतून पाचवीत जाताना एका उन्हाळ्यात सगळे विषय इंग्रजीत उडी कशी घेणार, यावर मी फारसे ऐकले नाही. बहीण स्वतःच्या पदराला खार लावून चौथीच्या मुलांना मे महिन्यात घरी बोलावून विज्ञानाचे इंग्रजी शब्द कोकणीतून समजावून सांगत असे. तिच्या निवृत्तीबरोबर ते थांबले.

नववीच्या उंबरठ्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, म्हणून इथे दोनच वाक्ये. आठवीपर्यंत श्रेणींची सवय लागलेल्या मुलाला नववीत गुणांचा धक्का बसतो हे सगळे बोलतात, पण गणिताचे दोन भाग होऊन भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमाने लिहावे लागते हा धक्का त्याहून खोल असतो. पाचवीत "कारणे द्या" नीट लिहायला शिकलेले मूल सिद्धता लिहिताना कमी अडखळते, असे आमचे नववीचे सर म्हणतात आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

आता २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने पाच, तीन, तीन, चार अशी नवी मांडणी आणली आहे आणि २०२४ चा राज्य अभ्यासक्रम आराखडा तिच्यावर आधारलेला आहे. २०२५-२६ पासून पहिलीची नवी पुस्तके आली आणि बाकीची टप्प्याटप्प्याने येतील. या मांडणीत तिसरी, चौथी, पाचवी हा एक स्तर आहे आणि सहावीपासून दुसरा. कागदावर हे मला आवडते. पाचवी तिसरी-चौथीच्या कुळातली धरली तर तिच्यात परिसर अभ्यास आणि तोंडी काम टिकून राहील. पण माझ्या तालुक्यात पाचवीचे मूल हायस्कुलातच बसणार आहे, म्हणजे पुस्तक एका स्तराचे आणि इमारत दुसऱ्या स्तराची अशी त्याची अवस्था होईल. पाचवीची पुस्तके लिहिणाऱ्या मंडळींना माझे सांगणे एवढेच आहे, की पहिले सहा आठवडे रिकामे ठेवा, म्हणजे त्यांत नवा पाठ घालू नका. त्या आठवड्यांसाठी सर्व विषयांची मिळून एकच पातळ पुस्तिका द्या आणि तिची पहिली पाने चौथीच्या शिक्षकांच्या हातात मार्चमध्ये पोहोचवा. पाठ्यक्रमाच्या कालावधीत ते दिवस अधिकृतपणे मोजा, म्हणजे आम्हाला साहेबांपुढे खरा आकडा सांगताना मान खाली घालावी लागणार नाही. सूचनांची भाषा, म्हणजे "कारणे द्या" पासून "टीप लिहा" पर्यंत सगळे प्रकार, चौथीच्या पुस्तकात तोंडी कृती म्हणून आणि पाचवीत लेखी कृती म्हणून, त्याच उदाहरणांसह येऊ द्या. आणि पाचवीच्या गणित, इतिहास आणि भूगोलाच्या समित्यांना निदान एक दिवस एका खोलीत बसवा.

या वर्षीच्या वह्या एका शाळेतल्या गुरुजींनी एप्रिलच्या शेवटीच पोत्यात बांधून एसटीने पाठवून दिल्या, रद्दीचा धोका नको म्हणून. पोते शिक्षक खोलीतल्या कपाटावर आहे. परवा धूळ झटकताना मी त्यांतल्या काही चाळल्या. एका वहीवर नाव नाही. आत नकाशा आहे, त्यात ओढ्याच्या वळणावर जांभळाचे झाड आहे, झाडाखाली एक बैल आणि कंसात "आमचा" असे लिहिलेले आहे. पावले एक हजार आठशे बारा मोजली आहेत, आणि शेवटची दोनशे खोडून पुन्हा मोजलेली दिसतात. झाडावरून वाडी कोणती ते मला कळले. बैल कोणाचा, ते जूनमध्ये विचारीन.